ॲम्बॅसिडरच्या भावकीतली स्पोर्ट्‌स कार आणि तिचे चार प्लग

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर सिग्नलला उभी असताना दाजींची गाडी अगदी गुणी वाटत होती. यवतेश्वरचा घाट लागला, दाजींनी ॲक्सिलरेटर दाबला आणि तिला उचकी लागली. मग दुसरी. तिसऱ्या वळणापर्यंत ती अशी मिसिंग मारायला लागली की मागून आलेलं वडापसुद्धा हॉर्न वाजवत पुढं निघून गेलं.

"आठ दिवसांपूर्वीच इरिडियमचे नवे प्लग टाकलेत," दाजी म्हणाले. "त्यामुळं प्लगचा प्रश्नच नाही."

प्रश्न प्लगचाच होता.

गाडी १९५८ची एमजीए. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडात ॲबिंग्डनला तयार झालेली. दिसायला राजबिंडी, पण बॉनेटखालचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. ब्रिटनच्या बीएमसी या मोटार कंपनीच्या 'बी-सिरीज'मधलं हेच इंजिन ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. एमजीएला दोन कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला दाब थोडा जास्त, बाकी भावकी एकच. त्यामुळं आमच्या मिस्त्रींना बॉनेट उघडल्यावर परकं काही वाटलं नाही. त्यांनी एक प्लग काढला, फिलर गेजची पाती घातली आणि म्हणाले, "आवं दाजी, ही गॅप हाय का खिडकी?"

गॅप म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट; तिच्यातून उडी मारणारी ठिणगीच सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवते. दाजींच्या प्लगची गॅप १.१ मिलिमीटर होती. या इंजिनाला हवी ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिलिमीटर.

एवढ्याशा फरकानं काय होतं, ते बघण्यासारखं आहे. हवा ही मुळात विजेची वाट अडवणारी. साध्या वातावरणात एक मिलिमीटर हवा फोडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. अंतर वाढलं की जास्त लागतात, आणि हवा दाबली की आणखी जास्त. हा अंतर आणि दाबाचा एकत्रित नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलंच असतं. पण किती दाबलेलं, हे तुमच्या पायावर अवलंबून. सिग्नलला उभं असताना थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच येतं, दाब कमी, ठिणगी सहज पडते. घाटात पाय दाबला की सिलिंडर ठासून भरतो आणि तेवढंच अंतर तोडायला कितीतरी जास्त व्होल्ट मोजावे लागतात. ठिणगीसाठी व्होल्ट वाढवून देते ती कॉइल. पॉइंटवर, म्हणजे यांत्रिक स्विचवर, चालणारी जुनी कॉइल २० हजार व्होल्टच्या आसपास दम टाकते. आजच्या गाड्यांच्या कॉइल ३०-४० हजार सहज देतात, म्हणून त्यांना १.१ची गॅप झेपते. जुन्या गाडीत ती दिली, तर वीज चारी प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये किंवा वायरच्या चिरेतून सोपी वाट शोधते. प्लगवर ठिणगीच नाही, मिश्रण तसंच न जळलेलं, आणि गाडीला उचकी.

मग इरिडियम वाईट का? तसं नाही. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ला, इरिडियम थेट २,४४६ला. म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं. देवळाच्या कळसावरच्या वीजरोधकाला टोक असतं ते आठवा. त्यामुळं ठिणगीला उलट कमीच व्होल्ट लागतात. दाजींच्या दुकानदारानं नव्या गाडीच्या गॅपचे प्लग दिले, दोष तेवढाच. पण इरिडियमचा खरा फायदा म्हणजे लांब आयुष्य, आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर पळणाऱ्या, थोडं ऑइल खाणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग काय? प्लग झिजायच्या आधी काळा पडणार. माझं मत विचाराल तर साधे 'कॉपर' प्लग बरे. (त्यात तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला. टोक निकेलच्या मिश्रधातूचंच.)

गॅप तरी वाकवून जुळवता येते. चुकीचा 'हीट रेंज', म्हणजे प्लग किती तापलेला राहतो त्याची प्रत, निवडला तर तीही सोय नाही. 'हॉट' प्लग म्हणजे जोरदार ठिणगीचा, असा समज सगळीकडं आहे, तो चूक. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीसारख्या भागाचं, म्हणजे ॲल्युमिनाचं, आतलं नाक लांब असेल तर उष्णतेला इंजिनाच्या हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो, प्लग तापलेला राहतो. तो हॉट. आखूड नाकाचा तो कोल्ड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्यावरचा कार्बन आपोआप जळतो. ८५० अंशांच्या पुढं गेलं तर ते निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. सगळा खेळ या दोन आकड्यांमधला.

पहिल्या आकड्याची ओळख जुन्या सातारकरांना वेगळी करून द्यायला नको. इथल्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' तयार व्हायची. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल. डिकीत प्लग पाना आणि पॉलिश पेपर ठेवल्याशिवाय कुणी कोरेगावलासुद्धा जात नसे. कार्बन वीजवाहक असल्यानं ठिणगी न पडताच करंट त्याच्यावरून घसरून जायचा.

प्लग विकत घेताना मात्र एक गंमत ध्यानात ठेवा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तसा प्लग कोल्ड. चँपियन आणि बॉशमध्ये आकडा मोठा तसा प्लग हॉट. एनजीकेचा 'बीपी ६ ईएस', चँपियनचा 'एन ९ वायसी' आणि बॉशचा 'डब्ल्यू ७ डीसी' हे साधारण एकाच जातीचे. तिन्हींचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे, लांबी १९ मिलिमीटर. लांबी चुकली तर पिस्टन प्लगला येऊन धडकू शकतो. गाडी नुसती शाहूपुरी ते राजवाडा फिरणार असेल तर एनजीकेचा ५ नंबर चालेल असं कुणी म्हणेल. मी ६ वरच थांबेन. कोल्ड प्लग काळा पडला तर घासता येतो, हॉट प्लगनं पिस्टनला भोक पाडलं तर काय घासणार?

मिस्त्रींनी ६ नंबरचे चार प्लग ०.६४वर लावून बसवले. पंधरा दिवसांनी आम्ही कासच्या पठारापर्यंत एकही उचकी न खाता जाऊन आलो, आणि प्लग काढून रंग बघितला. जुन्या पुस्तकांत 'बिस्किटी तपकिरी' हा शहाणा रंग सांगितलाय, पण तो शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. आपल्याकडं ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९च किलो. जुन्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो जुन्याच मापानं हवा देतो, मिश्रण पातळ होतं, प्लग फिकट दिसतो. अशा वेळी प्लग बदलायचा नाही, कार्बोरेटर जुळवायचा.

आमचे तीन प्लग तसेच फिकट बिस्किटी निघाले. चौथा ओला, चकचकीत काळा. मिस्त्रींनी त्याचा वास घेतला, फडक्यानं पुसला आणि परत बसवला.

"ह्यो प्लगचा दोष न्हाई," ते म्हणाले. "चार नंबरच्या पिस्टनची रिंग गेलीया, ऑइल वर येतंया. पावसाळ्यात इंजिन खोलू."