पोट फुगलेला अजगर

धानकापणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडे एखाद्या धुऱ्यावर अजगर आडवा पडलेला सापडतो. पोट मधेच फुगलेलं, हलायचं नाव नाही. आत ससा असतो, नाहीतर बकरीचं पिल्लू. माणसं जमतात, कोणी काठीने ढोसतं, कोणी शेपूट ओढतं, आणि अजगर सगळं ओकून टाकतो. घाबरून पिल्लू परत दिलं म्हणे! पिल्लू मेलेलंच असतं. अजगराने पळता यावं म्हणून ओझं उतरवलेलं असतं.

त्या घासामागची मेहनत मोठी. विळखा घालून तो हाडांचा चुरा करतो, ही समजूत खोटी. बोआ या त्याच्यासारख्याच आवळणाऱ्या सापावरचे प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यांत विळखा बसताच उंदराचा रक्तदाब काही सेकंदांतच निम्म्यावर आला. म्हणजे दम कोंडण्याआधी रक्ताभिसरणच थांबतं. मग गिळणं, बहुधा डोक्याकडून, म्हणजे पाय मागे दुमडतात. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी लवचीक स्नायुबंधाने जोडलेले असतात, त्यामुळे तो एकदा डावी, एकदा उजवी बाजू पुढे सरकवतो. तोंड भरलेलं असताना श्वासनलिकेचं तोंड नळीसारखं पुढे काढून श्वास घेतो.

खरी धावपळ त्यानंतर, पोटात. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच. ते खाल्ल्यावर तयार होतं. ब्रह्मदेशी अजगराचं हृदय खाल्ल्यावर दोन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचं 2005 साली नोंदलं गेलं. ही यंत्रणा उन्हावर चालते. अंग गार पडलं तर भक्ष्य पचण्याआधी सडतं आणि तेही ओकावं लागतं. म्हणून तो उन्हात पडून असतो. त्याला पोत्यात कोंबून सावलीत ठेवणं म्हणजे जेवण वाया घालवणं.

कुत्री बांधा, बकऱ्या दुसरीकडे न्या, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. विष नसलं तरी दात मागे वळलेले असतात. चावल्यावर हात हिसकला की मांस फाटतं. अजगर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तुरुंग.

तणशीत दोन फुटांचं ‘अजगराचं पिल्लू’ दिसलं तर मात्र हात लावूच नका. ती घोणस, म्हणजे परड, असू शकते, आणि ती जहाल विषारी. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात, परडीचे काळ्या काठाचे, साखळीसारखे तीन रांगांत. डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखी लांब फुत्कारते.