एप्रिलमध्ये जपानला निघालाय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, बुकिंग झालं की चार दिवसांत ऑफिसात फोन येतोच, "तिकडे थंडी किती असते हो?" आणि आम्ही उलट विचारतो, तिकडे म्हणजे नक्की कुठे? चेष्टा नाही करत, जपान नकाशावर चिंचोळा दिसतो पण ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत जवळजवळ ३००० किलोमीटर पसरलाय, त्यामुळे एप्रिलमधल्या एकाच दिवशी दक्षिणेकडच्या ओकिनावात लोक समुद्रात उतरलेले असतात आणि उत्तरेकडच्या होक्काइदोच्या डोंगरांवर स्कीइंग चालू असतं.

बहुतेकांची ट्रिप टोकियो, क्योतो, ओसाका अशी असते म्हणून आधी तेच सांगतो. दुपारी साधारण १९-२० डिग्री, पहाटे ९-१०. हा आकडा ऐकला की लोक खूश होतात आणि अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरतात, आणि इथेच घोळ होतो, कारण हा ॲव्हरेज आहे, रोजचं टेंपरेचर नाही. एप्रिलमध्ये पश्चिमेकडून हाय प्रेशर आणि लो प्रेशर आलटून पालटून सरकत येतात, म्हणजे दोन दिवस लख्ख ऊन, मग आभाळ, मग पाऊस, मग परत ऊन, असं तीन-चार दिवसांचं चक्र चालू राहतं. पाऊस बहुतेक वेळा धो धो नसतो, रिपरिप असते, पण लो प्रेशर जोरात असला की वारा असा सुटतो की दुकानातून घेतलेली ती स्वस्तातली पारदर्शक छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी होते आणि काड्या बाहेर. म्हणून टोपीवालं रेनजॅकेट घ्या, छत्री दुय्यम.

फुलांच्या दिवसांत अचानक गारठा परततो त्याला जपानीत खास शब्दच आहे, हानाबिए. दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधलेला असतो, आणि संध्याकाळी साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, झाडाखाली निळ्या ताडपत्रीवर बसलात की जमिनीतून गारवा वर चढतो, बोटं आखडतात. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे.

आता साकुरा. फुलं दिसतीलच असं आम्ही लेखी देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याला विचारा कसं काय ते. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारात हवामान खात्याचं एक ठरलेलं झाड आहे, त्याच्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. २०२३ मध्ये ते १४ मार्चला झालं, पुढच्याच वर्षी २९ मार्चला! मग साधारण आठवड्याभरात पूर्ण बहर, आणि त्यावर एक वादळी रात्र आली की खेळ खल्लास. तेव्हा एप्रिलच्या मध्यावर टोकियोला जाणाऱ्यांनी मुख्य बहराची फार आशा धरू नये, पण दाट पाकळ्यांचा याएझाकुरा तेव्हा असतो आणि खरं सांगायचं तर आम्हाला तोच जास्त आवडतो. बहर उत्तरेकडे सरकत जातो, म्हणजे महिन्याच्या शेवटी निघणाऱ्यांनी आओमोरीतलं हिरोसाकी गाठावं, तिथल्या किल्ल्याच्या खंदकात पाकळ्या पडून पाणी गुलाबी झालेलं असतं. होक्काइदोतल्या सापोरोत बहर त्याच सुमारास किंवा मेच्या सुरुवातीला येतो, पण तिथे एप्रिलमध्ये दुपारीसुद्धा ११-१२ डिग्रीच, हे विसरू नका.

डोंगरातलं गणित वेगळंच आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि मधल्या डोंगररांगांवर बर्फ टाकतात. तातेयामाला एप्रिलच्या मध्यावर रस्ता उघडतो तेव्हा बर्फ कापून वाट काढलेली असते आणि बस दोन पांढऱ्या भिंतींमधून जाते, भिंत काही वर्षी २० मीटरच्या आसपास. हे ठिकाण सुमारे २४५० मीटरवर आहे, तिथे हातमोजे, गॉगल आणि न घसरणारे बूट पाहिजेतच. डोंगरांमधल्या ताकायामा शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो.

ओकिनावाचं सोपं आहे, दुपारी २४ डिग्रीच्या आसपास, कॉटनचे कपडे आणि एक पातळ जॅकेट. तिकडचा पावसाळा मेमध्ये लागतो.

ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे त्यांनी हे नीट वाचा. एप्रिलमध्ये सुगी आणि हिनोकी या झाडांचे परागकण हवेत असतात, मधूनच गोबीच्या वाळवंटाकडची पिवळी धूळही येते, तिथले लोकही मास्क लावून शिंकत फिरतात. मास्क न्याच, पण सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानात न्यायला बंदी आहे, म्हणून गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा.

फुजी बघायचा असेल तर सकाळी लवकर, नंतर बहुतेक वेळा ढग किंवा धूसर हवा आडवी येते. उठायचा त्रास नाही, एप्रिलमध्ये टोकियोत पाचच्या सुमारासच उजाडतं, उलट झोप हवी असेल तर हॉटेलचे पडदे रात्रीच नीट ओढून घ्या.