डोंबिवलीचा ‘मध्यमवर्ग’ आणि सत्तावीस गावे : पार्श्वभूमी

डोंबिवली म्हणजे मुंबईत नोकरी करणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचे शहर, ही ओळख साधारण साठ ते ऐंशीच्या दशकांत घडली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत पागडीवाचून खोली मिळणे दुरापास्त झाले होते आणि गिरगाव-दादरच्या चाळींत वाढलेल्या पिढीला लोकलच्या पासावर ये-जा करता येईल अशा ठिकाणी मालकीचा ब्लॉक घेणे त्या मानाने परवडत होते. बँका, विमा, टपाल आणि शाळांमध्ये नोकरी करणाऱ्या या मंडळींनी ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि संगीतसभा उभ्या केल्या. त्यांचे मोल मोठे आहे, परंतु शहराचा चेहरा म्हणून तेवढेच पुढे आले.

त्याच काळात शेजारच्या आगरी गावांची भातशेती औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाली, रासायनिक कारखाने आले आणि कामगारांच्या चाळी त्याच गावांमध्ये वाढल्या. या वस्तीला ‘डोंबिवलीकर’ म्हणायचे की नाही, हा प्रश्न वरवर शब्दाचा वाटतो; प्रत्यक्षात तो हद्दीचा ठरला.

१९८३ साली महापालिका (आजची कल्याण-डोंबिवली महापालिका) स्थापन करताना ही धरून आसपासची सत्तावीस गावे तिच्यात घेण्यात आली. कर द्यावा लागतो, पाणी आणि रस्ते मात्र येत नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती आणि ती रास्त होती. दीर्घ आंदोलनानंतर २००२ साली गावे वगळण्यात आली. त्यामुळे २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची जी सुमारे साडेबारा लाख लोकसंख्या नोंदली गेली, तिच्यात ही गावे नव्हती. त्या आकड्यांवरून शहराचे वर्गीय चित्र काढणाऱ्याने कामगार आणि जमीन गमावलेले शेतकरी यांचा मोठा भाग आधीच वजा केलेला असतो. २०१५ साली, निवडणुकीच्या तोंडावर आणि ग्रामस्थांचा विरोध असताना, गावे पुन्हा आत घेण्यात आली. तोवर निळजे-घारिवलीच्या पट्ट्यात संकुलांचे मनोरे उभे राहत होते, म्हणजे जमिनीचा भाव शहराचा झाला होता आणि नागरी सोयी मात्र बहुतांशी गावाच्याच राहिल्या होत्या.

२०२० साली राज्य सरकारने सत्तावीसपैकी अठरा गावे वेगळी काढून त्यांची ‘कल्याण उपनगर’ नगरपरिषद करण्याचे ठरवले. हे नाव ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबई उपनगर जिल्हा मुलुंडलाच संपतो, त्यामुळे सरकारी अर्थाने डोंबिवली कधीच उपनगर नव्हती. आता तिच्याच कडेची गावे कल्याणचे उपनगर ठरणार होती आणि उरलेली नऊ महापालिकेतच राहणार होती. स्वतंत्र नगरपालिकेच्या एकाच मागणीसाठी लढलेल्या गावांची अशी वाटणी करणे अन्यायाचे होते. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला आणि अठरा गावे महापालिकेच्याच हद्दीत राहिली; ग्रामस्थांची ही जुनी मागणी, आणि तिच्यामागचा करांचा व पाण्याचा प्रश्न, त्या निकालाने सुटला नाही.