जॉन रेडमंड की जॉन डिलन?

आयरिश होमरूलबद्दल, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून आयर्लंडला स्वराज्य मिळवण्याच्या चळवळीबद्दल, वाचताना या दोन नेत्यांची हमखास गल्लत होते. नाव एक, पक्ष एक (ब्रिटिश संसदेतला आयरिश राष्ट्रवादी पक्ष). आणि मार्च १९१८ मध्ये रेडमंड वारला तेव्हा पक्षाची धुरा आली ती डिलनकडेच. मग दोघांनाही ‘मवाळ’ म्हणून एकाच खुंटीला टांगलं जातं.

वास्तविक १८९० मध्ये तेव्हाचा नेता पार्नेल याच्यावरून पक्ष फुटला तेव्हा रेडमंड पार्नेलबरोबर राहिला, डिलन विरोधात गेला. १९०० मध्ये दिलजमाई झाली आणि नेता रेडमंड झाला.

रेडमंड वेक्सफर्डच्या जमीनदार घराण्यातला. खासदार होण्याआधी त्याने ब्रिटिश संसदेतच कारकुनी केलेली, त्यामुळे ते सभागृह त्याला परकं वाटलंच नाही. डिलनचा बाप १८४८ च्या उठावात होता. हा स्वतः डॉक्टरकी शिकलेला, पण कुळांच्या खंडबंदीपायी पुन्हापुन्हा तुरुंगात गेला.

खरा फरक दिसतो तो १९१६ च्या एप्रिलमध्ये. (त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. नाव आयर्लंडहून घेतलेलं, आणि तिकडे तेच नाव तरुणांच्या मनातून उतरत चाललेलं.) डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. रेडमंडने संसदेत त्याचा तीव्र धिक्कार केला. दीड वर्षापूर्वी आयरिश तरुणांना इंग्लंडच्या युद्धात जा म्हणून सांगणारा माणूस दुसरं काय बोलणार? पकडलेल्या बंडखोरांना गोळ्या घालणं सुरू झाल्यावर ते थांबवा म्हणून त्याने पंतप्रधानांकडे रदबदली केली. डिलन उठावाच्या दिवसांत डब्लिनमध्येच अडकला होता. ११ मे रोजी तो भर सभागृहात उभा राहिला: आमच्या आयुष्यभराचं काम तुम्ही रक्तात धुऊन टाकताय, आणि त्या बंडखोरांच्या शौर्याचा मला अभिमान वाटतो! समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी उठावाच्या नेत्यांपैकी एक, जखमी जेम्स कॉनलीला खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या.

माझ्या मते डिलनला वारं आधी कळलं. पण कळून उपयोग काय? संसदेपलीकडचं राजकारण त्यालाही करायचं नव्हतंच. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला ७३ जागा मिळाल्या, त्याच्या पक्षाला आयर्लंडात अवघ्या ६. पूर्व मेयो हा १८८५ पासूनचा मतदारसंघही गेला. तिथे त्याला हरवणारा शिन फेनचा नेता डी व्हॅलेरा तेव्हा इंग्लंडात तुरुंगात होता. वॉटरफर्डची जागा मात्र रेडमंडच्या मुलाने राखली.