'नाऊ' आणि 'वॉज' एका वाक्यात कसे काय?

शाळेत आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं की नाऊ दिसलं की प्रेझेंट आणि यस्टरडे दिसलं की पास्ट, गाळलेल्या जागा भरायला तेवढं पुरतं, पण मग इंग्लिश कादंबरी हातात घेतली की 'शी वॉज नाऊ अलोन' असलं वाक्य समोर येतं आणि छपाईची चूक वाटते. माझ्या निबंधातला असाच एक नाऊ खोडून तिथे लाल पेनने देन लिहिलेलं मला अजून आठवतं, आणि खरं सांगतो, तो नाऊ बरोबर होता.

भूतकाळाच्या वाक्यात नाऊ घालायची ही सवय खूप जुनी आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'नाऊ बराबस वॉज अ रॉबर' असं वाक्य आहे. इथला नाऊ घड्याळातला नाहीच, 'तर हा बराबस होता दरोडेखोर' असं आपण गोष्ट सांगताना म्हणतो ना, त्यातला 'तर' आहे तो. (शब्द त्याहूनही जुना, संस्कृतातले नु आणि नूनम् याच कुळातले.)

खरी गंमत कादंबरीने केली. रिपोर्टेड स्पीचमध्ये आपण क्रियापद मागे नेतो आणि नाऊचा देन, टुमॉरोचा द नेक्स्ट डे करतो, पण जेन ऑस्टिनसारखे लेखक पात्राच्या मनातलं सांगताना क्रियापद तेवढं मागे नेतात, नाऊ आणि टुमॉरो तसेच ठेवतात, म्हणजे क्रियापद निवेदकाचं आणि 'आता' त्या पात्राचा. फ्रेंचमध्ये फ्लोबेर या कादंबरीकाराने हेच भरपूर वापरलं, आणि 1912 मध्ये शार्ल बाली या स्विस भाषातज्ज्ञाने त्याला नाव दिलं, ज्याला इंग्लिशमध्ये आज फ्री इनडायरेक्ट स्टाइल म्हणतात. पुढे 1957 मध्ये जर्मनीच्या केटे हाम्बुर्गर यांनी 'उद्या नाताळ होता' अशा अर्थाचं एका कादंबरीतलं वाक्य घेऊन म्हटलं की कथेतला भूतकाळ मुळात काळ दाखवतच नाही. एवढं टोकाचं मला पटत नाही, पण वाक्य मात्र अचूक निवडलंय.

आणि आपल्याला तर हे अजिबात परकं नाही, 'उद्या लग्न होतं आणि अजून दागिने आले नव्हते' असं मराठी गोष्टीत वाचताना कोणी अडखळत नाही.

'आय सॉ हिम जस्ट नाऊ' मात्र वेगळं, तिथे नाऊ म्हणजे क्षणभरापूर्वी, आपल्या 'आत्ता पाहिलं त्याला' सारखं.