नामिबियातला खनिज शोध परवाना: अर्ज नेमका कुठे अडकतो

नामिबियात ईपीएल, म्हणजे एक्सक्लुझिव्ह प्रॉस्पेक्टिंग लायसन्स हा खनिज शोधण्याचा परवाना काढू पाहणारे लोक मला विचारतात ते लिथियम कुठे सापडेल, सोनं कुठे आहे. अर्ज कशामुळे बाद होतात हे फारसं कुणी विचारत नाही. मी बाद होताना पाहिलेल्या अर्जांमध्ये दगड क्वचितच आडवा आला. आडवे आले ते कागद आणि तारखा.

आधी पात्रता. इथला मूळ कायदा १९९२ चा. त्यानुसार ईपीएल परदेशी कंपनीलाही मिळू शकतो. मायनिंग क्लेम, म्हणजे छोट्या जागेवरचा खाणकामाचा हक्क, मात्र फक्त नामिबियाच्या नागरिकाला किंवा पूर्णपणे नागरिकांच्या मालकीच्या कंपनीलाच मिळतो. क्लेम लहान असतो, खर्च कमी, त्यामुळे ‘इथल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घेऊ’ असं सुचवणारे दलाल हमखास भेटतात. कळकळीने सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. पैसा तुमचा जातो आणि उद्या वाद झाला तर कागदावर तुमचं नाव कुठेच नसतं.

एका ईपीएलखाली जास्तीत जास्त १००० चौरस किलोमीटर मिळतात, पण परवाना असतो ठरावीक खनिज गटासाठी. मौल्यवान धातूंचा गट वेगळा, तांब्या-जस्तासारख्या सामान्य (बेस) व दुर्मीळ धातूंचा वेगळा, इमारती दगडाचा वेगळा. त्याच जमिनीवर दुसऱ्या गटाचा परवाना दुसऱ्या कुणाकडे असू शकतो. म्हणून अर्जाआधी खाण मंत्रालयाचा ऑनलाइन कॅडस्टर नकाशा, म्हणजे कुठला परवाना कुणाकडे आहे ते दाखवणारा नकाशा, उघडा आणि तुमचे अक्षांश-रेखांश त्यावर स्वतः टाकून बघा.

कागदपत्रांत कंपनी नोंदणी, नकाशा, आर्थिक क्षमतेचे पुरावे आणि शुल्काची पावती हे सगळे जमवतात. कामाचा आराखडा आणि अंदाजे खर्च मात्र दुसऱ्याच्या अर्जातून उतरवू नका. पुढे तुमचं काम त्याच आकड्यांवर मोजलं जातं.

आता खरी अडचण. अर्ज मान्य होण्यासारखा असेल तर मंत्रालय आधी ‘अमुक अटींवर परवाना द्यायला तयार आहोत’ असं पत्र पाठवतं. हे पत्र म्हणजे परवाना नव्हे. अटी मान्य असल्याचं एका महिन्याच्या आत लेखी कळवावं लागतं, नाहीतर अर्ज रद्द झाला असं धरलं जातं. महिना पत्रावरच्या तारखेपासून धरा, पत्र हाती पडल्यापासून नको. नामिबियात टपाल दारात येत नाही, पोस्टातल्या पेटीत पडतं. एका कंपनीने सल्लागाराची पेटी पत्ता म्हणून दिली होती. पेटी उघडली तेव्हा जाहिरातींच्या गठ्ठ्याखाली हे पत्र सापडलं. महिना उलटून गेला होता, आणि वर्षभराची वाट पाहणं पाण्यात गेलं. इतका मोठा निर्णय एका पत्रावर का टांगून ठेवतात हे मला आजही पटत नाही. पण नियम तोच आहे, तेव्हा पेटीची किल्ली स्वतःकडे ठेवा आणि दर आठवड्याला जाऊन बघा.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरी प्रमाणपत्राचा, २००७ च्या पर्यावरण कायद्याखालचा. तो खाण मंत्रालय देत नाही, पर्यावरण आयुक्त देतात. जनतेशी सल्लामसलत करावी लागते, वर्तमानपत्रांत जाहिराती द्याव्या लागतात, शेजारच्या जमीनमालकांना लेखी कळवावं लागतं. एका सहीचं काम समजून हे शेवटी ठेवलं की महिने जातात. शिवाय हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीनच वर्षं चालतं.

तिसरा कागद बहुतेकांकडे नसतोच: खासगी जमिनीच्या मालकाशी केलेला लेखी करार. परवाना खिशात घालून फार्मवर गेलात तरी गेटला कुलूप असतं आणि मालक ते न उघडण्याला मोकळा असतो. करारात मोबदला, फाटकं, पाण्याचे बोअर, गुरं या सगळ्याचा उल्लेख हवा. मालकाची भीती खरी असते. उघडं राहिलेलं एक फाटक म्हणजे दोन दिवस रानात गुरं शोधणं. आधी भेटा, चहा घ्या, ऐकून घ्या. बोलणी अगदीच फिसकटली तर कायद्यात त्यासाठी वेगळा आयोग आहे, पण त्या मार्गाला वेळ लागतो.

ईपीएलवर खनिज विकता येत नाही. चाचणीच्या नमुन्यांपलीकडे माल हलवायचा तर मंत्र्यांची लेखी परवानगी लागते. जून २०२३ पासून प्रक्रिया न केलेल्या लिथियमच्या निर्यातीवरही बंदी आहे. ‘थोडा कच्चा माल बाहेर काढून खर्च भागवू’ हा हिशेब मांडूच नका.

परवाना तीन वर्षांचा. नूतनीकरण साधारणपणे दोनदा, दर वेळी दोन वर्षांचं. त्याचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी द्यायचा असतो. परवाना हातात पडेल त्याच दिवशी ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.