उजवा पाय उचलायचा, तर आधी तोच दाबा

भाचीच्या संगीतासाठी तिने आणि होणाऱ्या जावयांनी वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांचा पाश्चात्त्य जोडीनाच, बसवायला घेतला. नाशिक ढोलच्या गावात वॉल्ट्झ! असो, हौसेला मोल नाही. महिनाभर कॉलेज रोडला क्लास झाला, तरी होणारे जावई दर फेरीत एकदा तरी तिचं पाऊल तुडवत. "मामा, स्टेप्स पाठ आहेत हो. पण तीननंतर पाय निघतच नाही," ही त्यांची तक्रार. मी म्हटलं, पायाचा दोष नाही, वजनाचा हिशेब चुकतोय.

आपली समजूत अशी की आधी पाऊल पडतं आणि मागून वजन जातं. प्रत्यक्षात वजन आधी निघतं. खात्री करायची असेल तर भिंतीला डावी बाजू लावून उभे राहा. डावा खांदा आणि डाव्या पावलाची बाहेरची कड, दोन्ही भिंतीला टेकलेली हवीत. आता उजवा पाय उचलून धरा बघू. जमणार नाही. एका पायावर उभं राहायचं तर शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे साधारण बेंबीच्या आसपासचा बिंदू, त्या पावलाच्या वर यावा लागतो. इथे त्याला डावीकडे सरकायचं आहे आणि भिंत सरकू देत नाही.

पण भिंत नसताना तो डावीकडे सरकतो तरी कसा? हवेत तर ढकलायला काही नाही. न्यूटनचा नियम शाळेत शिकलोय: बाहेरून बल मिळाल्याशिवाय गुरुत्वमध्य हलत नाही. ते बल देणार जमीन, आणि जमिनीकडून ते मिळवण्याची युक्ती अगदी उलटी आहे. जो पाय उचलायचा, तोच क्षणभर जास्त दाबायचा! मी काट्याचे दोन वजनकाटे शेजारी ठेवले आणि एकेकावर एकेक पाय ठेवून उभा राहिलो. उजवा पाय उचलताना उजवीकडचा काटा सरळ खाली आला नाही. आधी टुणकन वर गेला, मग शून्याकडे घसरला. डिजिटल काट्यावर हे दिसत नाही, तो आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसतो.

थोडं गणित करू. तळपायांवरच्या सगळ्या दाबाची सरासरी जागा म्हणजे दाबकेंद्र. सरळ उभे असताना ते गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली असतं. उजवा पाय दाबला की ते उजवीकडे सरकतं, आणि शरीर उलट्या लंबकासारखं डावीकडे कलू लागतं. त्वरण किती? या दोन बिंदूंमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, गुणिले ९.८. अंतर ५ सेंटिमीटर आणि उंची १ मीटर धरली, तर दर सेकंदाला वेग सेकंदाला जवळपास अर्ध्या मीटरने वाढतो. अर्ध्या सेकंदात शरीर सहाएक सेंटिमीटर डावीकडे गेलं. खरं तर जास्तच, कारण कलता कलता अंतर वाढतं आणि त्यासोबत त्वरणही. मग दाबकेंद्र झपकन डाव्या पावलात येतं, नाहीतर आपण डावीकडे आडवेच व्हायचो. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर पुन्हा काट्यांवर उभे राहा, तेवढ्याने भागेल.)

आता वॉल्ट्झ. स्पर्धांमध्ये त्याची गती मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं, प्रत्येकात तीन ठोके. म्हणजे एक ठोका सुमारे पाऊण सेकंदाचा, किंचित कमीच. पुरुष डावा पाय पुढे टाकतो, उजवा बाजूला, आणि तिसऱ्या ठोक्याला डावा उजव्याशेजारी आणतो. पाय जुळले की जावईबापू सावधान पवित्र्यात उभे, वजन दोन्ही पायांवर निम्मं निम्मं! पुढचं पाऊल उजवं, पण त्याच्यावर निम्मं वजन बसलेलं. ते डावीकडे पाठवायला अर्धा सेकंद गेला की ठोका हुकला. तिसऱ्या ठोक्यालाच सगळं वजन डाव्यावर उतरवलं असतं, तर उजवा आपसूक मोकळा झाला असता. दुसरं असं की जोडीदाराला पुढची हालचाल पायातून कळत नाही, धडाच्या सरकण्यातून कळते. निम्म्या निम्म्या वजनाचा माणूस काहीच सांगत नाही, म्हणून तिचाही पाय तिथेच राहायचा आणि तुडवला जायचा.

हे ऐकून आजी म्हणाल्या, "ते जाऊ दे, माप ओलांडताना उजवा पाय आधी टाक म्हणजे झालं." शुभ उजव्याला मानायचं की त्याआधी डावीकडे गेलेल्या शरीराला, हे मी विचारलं. उत्तरादाखल लाडू मिळाला. क्लासबाहेर एकजण तोल सुधारणारं चुंबकाचं कडं विकत होता, त्यालाही माझे दोन काटे दाखवायची इच्छा होती.

रात्री काटे हॉलमध्ये मांडले. जावई दोन्हींवर उभे राहिले, भाची मोजू लागली. पहिल्यांदा तीनला उजव्या काट्यावर अठ्ठावीस किलो शिल्लक. मग अकरा. मग चार. सातव्या खेपेला काटा शून्याला टेकला, आणि ते इतके खूश झाले की टाळी वाजवायला दोन्ही पायांवर उभे राहिले.